जागा शिल्लक नाही

रविवार, ४

आलो बाई एकदाचे! ट्रकवाला सामान टाकून गेला, हमालांनी कपाट वर चढवताना जिन्याच्या भिंतीला हा एवढा ओरखडा काढला, आणि आमची स्वारी त्यांच्याशी भांडायचं सोडून त्यांना गार पाणी विचारत बसली. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण माझ्या नवऱ्याला अजून धड भांडता येत नाही. मग तेही मलाच करावं लागतं.

घर मात्र झकास आहे. भिंतींना नवा रंग, नळाला भरपूर पाणी, मागे कपडे वाळत घालायला गॅलरी. खारूला पहिल्यांदाच स्वतःची खोली मिळाली. खारू म्हणजे आमची सहा वर्षांची लेक. घास गालात साठवून ठेवते म्हणून खारू. सध्या वरचे पुढचे दोन दात पडलेत आणि परवा माझ्या कात्रीनं स्वतःच्या कपाळावरचे केस कापून घेतलेत, त्यामुळे आमचं रत्न बघण्यासारखं झालंय. मला ती आई म्हणत नाही, माऊ म्हणते. पडलेले दात स्वारीनं गोळ्यांच्या रिकाम्या डबीत घालून ऑफिसच्या बॅगेत ठेवलेत. का, तर बाबा सांभाळा असं लेकीनं बजावलं. बापानं ऐकायचं ते तिचं एकटीचंच, बाकी आम्ही घसा कोरडा करतोय.

आमचा बोकाही पोचला. त्याचं नाव साहेब. टोपलीत वाटभर बोंबलला आणि इथे आल्याआल्या एकुलती एक मऊ उशी बळकावून झोपला.

किल्ली द्यायला मालकीणबाई आल्या त्या तासभर बोलत होत्या. आधीचा भाडेकरू एकटा जीव सदाशिव होता म्हणे. एक दिवस भाडं चुकतं करून निघून गेला, सामान इथेच टाकून. त्याचा कॉम्प्युटर आतल्या खोलीत टेबलावर आहे. वापरा नाहीतर भंगारात द्या, असं त्या म्हणाल्या. भंगारात कशाला? मोठा स्क्रीन आहे, ओल्या फडक्यानं पुसला तर आरशासारखा निघाला.

खारूच्या खोलीच्या चौकटीवर पेन्सिलच्या खुणा आहेत, एखाद्या पोराची उंची मोजत गेल्यासारख्या. एकटा माणूस कुणाची उंची मोजत होता, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, त्याच्या आधीचे कुणी असतील. आम्ही तिथेच खारूलाही उभं केलं. सगळ्यात वरच्या खुणेच्या बोटभर खाली आली. तिला राग आला, टाचा उचलून पाहिल्या, पण मी चोरी चालू दिली नाही. शेजारी तिचं नाव लिहून टाकलं.

मंगळवार, ६

सासूबाईंना मोबाईलवरचे फोटो दिसत नाहीत. चष्म्याचा नंबर वाढलाय. मोठे छापून पाठव, नातीचे जास्त, असा हुकूम आला आहे. माझा मोबाईल तर कधीचा 'जागा शिल्लक नाही' म्हणून रडतोय. म्हणून आज तो कॉम्प्युटर चालू केला.

स्वारीनं शिकवलं. मोबाईलमधले सगळे फोटो म्हणे वर क्लाउडमध्ये जमा असतात. इथे आपलं खातं उघडायचं, पासवर्ड टाकायचा, की सगळे या स्क्रीनवर हजर. हा कॉम्प्युटर तुमचाच आहे का, असं स्क्रीननं विचारलं. मी हो वर टिचकी मारली. आता आमच्याच घरात आहे म्हटल्यावर आमचाच की.

एक चाक फिरायला लागलं आणि फोटो उतरायला लागले. अबब! खारू पाळण्यात, खारू टबात, खारू नाक मुरडताना. खारू माझ्या मांडीवर बसून बघत होती. सगळे फोटो ढगात असतात तर पाऊस पडल्यावर खाली पडतात का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, हो, आणि मग माऊला ते वेचून आणावे लागतात. किती हसली! पडलेल्या दातांच्या फटीतून बिस्किटाचा भुगा माझ्या हातावर उडाला.

शुक्रवार, ९

कॉम्प्युटर हुशार आहे. एकेका चेहऱ्याचे सगळे फोटो गोळा करून त्याचा गट पाडतो. बोक्याचासुद्धा पाडला!

पण इथेही तीच रड. वर लाल पट्टी. जागा शिल्लक नाही. पसारा दिसला की माझे हात शिवशिवतात. बसले साफसफाईला. औषधांच्या चिठ्ठ्या, विजेची बिलं, चुकून काढलेले स्वतःच्याच पायांचे फोटो, सगळं उडवलं. मग साहेबाचा गट. त्याचे सगळे फोटो हललेले, नुसती शेपटी. तोही उडवला. आणि मग लंबूचा. लंबू माझी शाळेपासूनची मैत्रीण, रोज संध्याकाळी चहाच्या वेळी तिचा फोन येतोच. दिवसाला चार सेल्फी पाठवते बया. सगळा गट काढून टाकल्याचं तिला आज फोनवर सांगितलं तर म्हणाली, बरं झालं, त्यात मी जाडच दिसत होते.

माझं काही जात नाही. इथून काढले तरी मोबाईलमध्ये आहेतच की. वर चाक फिरतंय. बदल पोचवत आहोत, असं लिहिलंय.

रविवार, ११

आज घर आवरलं. गॅलरीत एक स्टीलची वाटी सापडली, तळाला दूध सुकलेलं. आधीच्या भाडेकरूची असणार. घासून त्यात पुदिन्याची काडी लावली. उशीवर कसलेतरी राखाडी केस होते, झटकून टाकले.

दोन दिवस संध्याकाळी चहा घेताना कसलीतरी वाट बघत बसते. कसली ते आठवत नाही. मोबाईलमध्ये एक नंबर आहे, नाव नाही, त्यावर रोजचे फोन. लावून पाहिला तर बाई बोलल्या. तुम्ही कोण, असं त्यांनी विचारलं. मीही तेच विचारलं. चुकून लागला म्हणून दोघींनी ठेवून दिला.

लाल पट्टी काही हटत नाही. सगळ्यात मोठा गट खारूचाच. हजारोंनी फोटो. सासूबाईंसाठी निवडायचे तर आधी जागा करायला हवी. मी काही अगदीच उंटावरची शहाणी नाही. आधी तिचा अख्खा गट पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला, पेन ड्राइव्ह कपाटात ठेवला आणि मगच कॉम्प्युटरवरून काढला. पट्टी हिरवी झाली! जीव हलका झाला.

खारू शेजारी उभी होती. तिनं विचारलं, माऊ, मग आता मी कुठे राहणार? मी म्हटलं, कपाटात, घड्या घातलेल्या चादरींच्या मधे. तिला ते पटलं. आज जेवताना पेंगली आणि गालात घास तसाच ठेवून झोपली. उद्या ओरडायचं आहे तिला.

चाक अजून फिरतंय.

सोमवार, १२

आज निवांत दिवस. स्वारी कामावर गेली आणि घरात नुसती शांतता. दुपारी दोन तास झोपले. कित्येक वर्षांत अशी झोपले नव्हते.

गॅलरीतल्या दोरीवर एक लहानसा पिवळा फ्रॉक वाळत होता. आधीच्या भाडेकरूचा पसारा काही संपत नाही. काढून पिशवीत भरला. छोट्या खोलीतही लहान मुलांची खेळणी, दप्तर, काय काय आहे. मालकीणबाईंना सांगून उचलून न्यायला लावते. ती खोली अडगळीसाठी बरी पडेल.

सासूबाईंचा फोन आला. फोटो निवडलेत, म्हटलं, आम्हा दोघांचे आणि समुद्राचे. त्या म्हणाल्या, नऊ वर्षं झाली, आता मनावर घ्या, पाळणा हलू दे. एरवी मी चिडले असते. आज काहीच वाटलं नाही. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल आपला वाटत नाही ना, तसं आतून झालंय.

गुरुवार, १५

आंघोळ करताना ओटीपोटावरच्या व्रणाकडे लक्ष गेलं. आडवा, जुना. ऑपरेशन कधी झालं माझं? अपेंडिक्सचं असेल. स्वारीला विचारलं तर म्हणाली, असेल बुवा.

मग छोटी खोली झाडायला घेतली. चौकटीवर पेन्सिलच्या खुणा. वरच्या खुणेच्या बोटभर खाली आणखी एक, आणि शेजारी लिहिलंय, खारू. अक्षर माझं आहे. माझाच पाय मोडलेला र.

ही रोजनिशी पहिल्यापासून वाचली.

पुन्हा वाचली. अक्षर माझं. बोलायची पद्धत माझी. यात माझा बोका आहे, माझी मैत्रीण आहे, मला सहा वर्षांची मुलगी आहे. वाचताना मला रडू येईल म्हणून मी थांबले. नाही आलं. दुसऱ्या कुणाची गोष्ट वाचावी तसं वाटलं. नंतर उठून कपडे धुतले.

पेन ड्राइव्ह कपाटात, चादरींच्या मधे होता. लावला. आत नुसते पांढरे चौकोन. मूळ फोटो वर क्लाउडमध्ये होते, कॉम्प्युटरवर फक्त त्यांची चित्रं दिसत होती. मी चित्रंच उतरवून घेतली आणि मूळ फोटो काढून टाकले. इथे काढलं की सगळीकडून जातं. मोबाईलमधूनही. आणि आता दिसतंय, घरातूनही.

शुक्रवार, १६

स्वारीला रोजनिशी वाचायला दिली. आधी हसून म्हणाली, कथा लिहायला लागलीस की काय? मी दातांच्या डबीचं वाक्य दाखवलं. त्यांनी ऑफिसची बॅग टेबलावर उपडी केली. डबी निघाली. उघडली. तांदळापेक्षा थोडे मोठे, दोन.

त्यांनी दात तळहातावर घेऊन बोटानं उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाले, कुणाचे तरी असल्याशिवाय माणूस कशाला सांभाळेल? त्यांनाही काही आठवत नाही. त्यांनाही काही वाटत नाही. पण दात परत डबीत घालून डबी खिशात ठेवली. बॅगेत नाही, खिशात.

शनिवार, १७

काढून टाकलेलं काही दिवस कचरापेटीत पडून असतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात तिचं चित्र आहे. उघडली.

आधी बोका करून पाहिला. राखाडी बोक्याचा गट, लहानसाच. 'परत आणा' दाबलं. चाक फिरलं. दुपारी गॅलरीत आवाज आला म्हणून गेले, तर बोका पुदिन्याच्या वाटीपाशी बसून ओरडत होता. साहेब. आठवलं मला. टोपली, उशी, सगळं. म्हणजे परत येतं! येतं!

पण पट्टी पुन्हा लाल. जागा शिल्लक नाही. काढून जेवढी मोकळी झाली त्याहून कितीतरी जास्त जागा परत आणायला लागते म्हणे, आणि मुलीचा गट मोठा आहे. मी समुद्र काढला, झाडं काढली, ताटं, इमारती. तेवढ्यानं काही भागत नाही.

आणखी एक. कचरापेटीत फक्त आमचं नाही. मधे मधे सगळीकडे अनोळखी चेहरे. बायका, म्हातारे, मुलं. खूप मुलं. मालकीणबाई ज्याला एकटा जीव म्हणाल्या, तो एकटा नव्हता. त्यानंही जागा केली असणार. त्याच्या आधीच्यानंही.

रविवार, १८

स्वारी म्हणाली, माझा गट काढ.

मी नाही म्हटलं. माझा काढते म्हटलं. ते म्हणाले, मग तिला शोधणार कोण? तू आई आहेस, तू ओळखशील. मला जमायचं नाही. आणि नाहीतरी फोटोत मी कुठे बरा दिसतो?

भांडता येत नाही या माणसाला. मी आयुष्यभर भांडले, आणि आज मान डोलावली. म्हणाले, तिला आण, मग जागा झाली की मला आण. घाई नाही. डबी माझ्या हातात दिली. चहा केला. दोघांनी प्यायला. मग मी लिहून ठेवलं, ते इथेच लिहिते म्हणजे विसरणार नाही — माझा नवरा आहे. खारूचा बाबा आहे. हमालांना पाणी विचारतो.

दाबलं.

सोमवार, १९

दाराशी पुरुषाचे बूट आहेत. आधीच्या भाडेकरूचे —

नाही. वर लिहिलंय. नवरा आहे. मी वाचलं. कळलं. आत काही हललं नाही.

पट्टी हिरवी. आता मुलगी.

कचरापेटीत फोटो उघडून बघता येत नाहीत. आधी परत आणा, मग बघा. दिसतात ते फक्त टिकलीएवढे चेहरे, ना नाव ना तारीख, आमचे आणि परके एकमेकांत मिसळलेले. सहा वर्षांच्या मुलींचे कितीतरी. सहाव्या वर्षी सगळ्यांचेच दात पडलेले असतात.

मी दातांचं लिहिलं, केसांचं लिहिलं. केस तर इथे यायच्या तोंडावर कापलेले, त्याच्या आधीच्या फोटोंत कुठून दिसणार? गालाचं लिहिलं. चेहऱ्याचं काहीच लिहिलं नाही. डोळे कसे, नाक कसं, तीळ कुठे, काही नाही. रोज समोर असलेल्या चेहऱ्याचं कोण लिहून ठेवतं?

जागा एकीपुरतीच आहे.

एकेकीसमोर थांबले. आईला कळतं म्हणतात. मला नाही कळलं.

मंगळवार, २०

एकीच्या गालाला फुगवटा आहे असं वाटलं. किंवा सावली असेल. डबी हातात घेतली आणि दाबलं.

चाक फिरतंय. मी खुर्ची हलवली नाही. ही नसेल तर —

बुधवार, २१

सकाळी छोट्या खोलीत आवाज. गेले. पलंगावर बसली होती. पडलेल्या दोन दातांची फट. कपाळावर केस सरळ, न कापलेले.

मला आठवेल म्हणून थांबले. बोका आल्यावर आठवला होता.

मी बिस्कीट दिलं. पटापट चावून गिळलं तिनं. गालात काही ठेवलं नाही. चौकटीपाशी उभी राहा म्हटलं. तिची तीच सवयीनं जाऊन उभी राहिली. डोकं बरोबर वरच्या खुणेला. बोटभर खाली नाही.

मग तिनं विचारलं, माझी मम्मी कुठे आहे?

मीच तुझी मम्मी, असं म्हणून पाहिलं. तिनं मान हलवली. रागावली नाही. चुकीच्या घरची बेल वाजवल्यावर लहान मुलं बघतात तसं माझ्याकडे बघत राहिली.

माझी अजून पेटीत आहे. तोही. आणि पट्टी लाल.

हिला परत टाकायचं? बोट माऊसवर ठेवलं. हिनं तेवढ्यात पाणी मागितलं. मी उठून पाणी दिलं.

गुरुवार, २२

स्वयंपाकघरात लिहितेय. ती आत टेबलाशी आहे. या कॉम्प्युटरवर चित्रं काढायची म्हणे पूर्वी, तिचे बाबा मांडीवर घेऊन शिकवायचे. तिला माझ्यापेक्षा जास्त येतं.

तिला तिची मम्मी सापडली. ओरडून सांगितलं, सापडली, लगेच ओळखली! तिला ओळखता आली.

आता विचारतेय, जागा शिल्लक नाही म्हणतोय, काय काढू. थांब म्हटलं. आले म्हटलं. साहेब पलंगाखाली शिरलाय.

ती एकेक गट वाचत बसलीय. मांजर ठेवते म्हणाली. विचारतेय, ही सगळ्या फोटोंत आहे ती काकू कोण, ही काढली तर चालेल ना. नको, म्हटलं. हात लावू नकोस. ती मीच —

चाक फिरायचा आवाज येत नाही कधी. पण —

डबी फडताळावर ठेवली आहे. दात खारूचे. खारू माझी. जो कोणी हे वाचेल त्यानं पेटीत शोधावं, मुलगी सहा वर्षांची, गालात घास ठेवते, मला ती आई म्हणत नाही, मला ती